कावेरीबाईचा खरा नंबर

शिट्टी वाजली आणि बारा बायका पळाल्या. पन्नाशीला टेकलेली कावेरीबाई सगळ्यांच्या पुढं. तिच्यामागं दोन हातांवर तिची धाकटी जाऊ चांगुणाबाई. तिच्यामागं कावेरीबाईची थोरली सून सरजाबाई, मग भावकीतल्या सुना वयाप्रमाणं, आणि सगळ्यात शेवटी कावेरीबाईची धाकटी सून पंचफुला. कुणी कुणाला धक्का दिला नाही, कुणी कुणाला ओलांडलं नाही. डोक्यावरचा पदर दातात धरून सगळ्या जणी एका माळेत मैदानाच्या या टोकाला आल्या. कावेरीबाईनं रेघ ओलांडली तेव्हा सिंधुच्या हातातल्या स्टॉपवॉचवर एकतीस सेकंद झाले होते, पंचफुलानं ओलांडली तेव्हा अडतीस.

शंभर मीटरला एकतीस सेकंद म्हणजे नुसती दुडकी चाल. सिंधुनं घड्याळ कानाला लावून बघितलं. ते बरोबर चालत होतं.

मैदानाच्या कडेला जीपला टेकून लक्ष्मणराव उभे होते. जिल्ह्याच्या क्रीडा कचेरीतले ते मोठे साहेब, तरुणपणीचे पैलवान. दोन्ही कान चुरगळलेले. ते हसले, पण वाईट हसले नाहीत. सिंधुबाई, ही शर्यत नाही, ही वरात झाली, असं म्हणाले आणि पुढं कामाचं बोलले. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि यंदा पहिल्यांदा ग्रामीण क्रीडा मेळावा भरणार होता. महिलांच्या शर्यती त्यात घ्याव्यात हा हट्ट सिंधुचा. बाकी तालुक्यांतून एकाही बाईचं नाव आलेलं नव्हतं. निलंग्यातून शंभर मीटरच्या वेळेसह बारा नावं पंचमीनंतरच्या सोमवारी, कचेरी बंद व्हायच्या आत टेबलावर आली तर शर्यती होतील. नाही आली तर तो वेळ कबड्डीला आणि कुस्तीला. पुढच्या वर्षी बघू, असंही ते म्हणाले. सरकारी कामात पुढचं वर्ष म्हणजे काय ते सिंधुला ठाऊक होतं.

सिंधु सोनकांबळे मूळची नांदेडची. विज्ञानाची पदवी घेऊन ती शारीरिक शिक्षणाकडं वळली होती आणि निलंगा तालुक्यातलं क्रीडा कचेरीचं काम आता तिच्याकडं होतं. कमी बोलायची आणि बघितलेलं लगेच वहीत लिहायची. माळेवाडीत ती आली त्यालाही वहीतली एक नोंदच कारण होती.

त्या वर्षी दुष्काळ होता. माळेवाडीच्या शिवारात रोजगार हमीचा पाझर तलाव चालू होता आणि आसपासच्या गावांतल्या बायका त्यावर माती वाहायला होत्या. सिंधु गावोगाव हिंडत तिथं पोचली तेव्हा पायाच्या चरीत खडक लागला होता. सुरुंगाच्या आधी लाल झेंडा दाखवून शिट्टी मारत. शिट्टी झाली आणि बायका चरीतून वर आल्या, पळत सुटल्या. त्यांतली एक अर्ध्यातून मागं फिरली. बाभळीला बांधलेल्या झोळीतून तिनं जावेचं निजलेलं पोर उचललं, छातीशी धरलं आणि पळत सगळ्यांना मागं टाकून मुकादमाच्या पालापाशी पोचली. सिंधुनं मनगटावरचं घड्याळ बघितलं होतं. नंतर तिनं ते अंतर पावलांनी मोजलं. शंभर मीटरला थोडंसंच कमी भरलं. अनवाणी, लुगड्यात, छातीशी पोर, आणि सतरा सेकंद. तीच पंचफुला आज अडतीस सेकंदांनी शेवटी आली होती.

लक्ष्मणरावांची जीप गेली. सिंधुनं बायकांना पुन्हा समजावलं. जिचे पाय जितके धावतील तितकं धावायचं, पुढची हळू असली तर तिला मागं टाकायचं, त्यालाच शर्यत म्हणतात. सगळ्यांनी माना हलवल्या. हाव बाई, कळलं, म्हणाल्या. पुन्हा रेघेवर गेल्या. पुन्हा शिट्टी झाली. पुन्हा कावेरीबाई, चांगुणाबाई, सरजाबाई आणि शेवटी पंचफुला. एक सेकंद इकडं तिकडं झाला असेल.

कुणी आजारी तर नाही, उपाशी तर नाही, म्हणून सिंधुनं त्यांची नाडी बघायचं ठरवलं. पळणं थांबलं की ठोके मिनिटाभरात खाली येतात, त्यामुळं सगळ्यांची बघणं शक्य नव्हतं. तिनं तिघींचीच बघितली. आधी कावेरीबाईपुढं हात केला. कावेरीबाईनं क्षणभर आपला हात पदराखालीच ठेवला, मग पुढं केला. एकशेचव्वेचाळीस. सरजाबाई अठ्ठ्याऐंशी. पंचफुला चौऱ्याऐंशी. सिंधुनं आकडे लिहिले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं अर्थ काढला तो असा, की या बायकांना पळायचंच नाही. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून त्या आल्या.

तिचा मुक्काम बुद्धवाड्यात नागुबाईकडं होता. नागुबाई साठीची, दाताड, अंगानं वाळलेली. याच गावात जन्मली, इथून दिली गेली, आणि नवरा वारल्यावर इथंच भावाजवळ परत आली, त्याला तीस वर्षं झाली होती. ती गावात डोक्यावर पदर घेत नसे, पाटलाच्या ओट्यासमोरून जाताना चप्पल काढत नसे आणि मनाला येईल ते मोठ्यानं बोले. ती शर्यत बघायला शाळेच्या भिंतीवर बसली होती. सिंधु भाकरीपुढं गप्प बसलेली बघून तिनं विचारलं, काय झालं. सिंधुनं सांगितलं, की बायकांना खेळ आवडला नाही.

नागुबाईला इतकं हसू आलं की तिला तवा उतरवून ठेवावा लागला. आवडला नाही कसा, तलावावर उद्या दुसरी गोष्ट निघणार नाही, बघशील, असं ती म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली,

“बाई, शिकलीस तू लई. पर त्या पळाल्याच न्हाईत. त्या नांदल्या.”

सिंधुनं मान वर केली.

“सासू पुढं पळायलीय. सून तिला मागं टाकून जाईल? उद्या गाव म्हनंल, कावेरीबाईची सून सासूच्या डोक्यावरनं गेली. थोरलीच्या पुढं धाकटी गेली तर जावाजावांत वर्षभर बोलणं बंद. ही सुनांची जागा हाय, माय. हितं चालायचं कसं, बसायचं कसं, सगळं नंबरानं असतंय.”

“मग सुरुंगाच्या वेळी?”

“तवा मरण मागं होतं. मरणापुढं कुठली आलीय सासू.”

सिंधुनं वही उघडली. नाडीचे तीन आकडे पुन्हा बघितले. माणसं पळत का नाहीत यावर शिकताना तिनं बरंच पाठ केलं होतं. वेळ नसतो, ताकद नसते, लाज असते, मैदान नसतं. या यादीत नातं कुठंच नव्हतं. तिनं विचारलं, मग या कुठं पळतील.

नागुबाईनं तवा पुन्हा चुलीवर ठेवला. लेक कुठं पळती, ती म्हणाली. माहेरात.

*

ते बोलायला सोपं होतं. पंचमी सहा दिवसांवर आली होती. एरवी श्रावणात मुराळी निघतात. भाऊ नाहीतर बाप येऊन लेकीला घेऊन जातो, आणि मग चार दिवस फुगड्या, झोके, डोक्यावर पदर नाही. यंदा मात्र गावागावांनी ठरवून टाकलं होतं, लेकी आणायच्या नाहीत. घरातच दाणा नव्हता. तलावावरच्या बायका त्यावर फार बोलत नसत. एवढंच, की चतुर्थीला भावासाठी उपास धरायचा, आणि पंचमीला भाऊ येणार नाही हे ठाऊक असताना धरायचा, म्हणून कुणी कुणी जरा तिरकं बोलून घेई.

बारा जणींपैकी अकरा जणींची माहेरं पाच गावांत होती. सिंधुनं ती गावं वहीत लिहून घेतली, कुठवर एसटी जाते आणि कुठून चालायचं ते लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. नागुबाई तिच्याबरोबर आली. तू एकली जाऊन काय बोलशील, तुला बोलायला येतंय का, असं म्हणून ती पायात चप्पल घालून पुढंच निघाली.

पंचफुलाचं माहेर धोंडगावला, फाट्यावरून दीड कोस आत. तिचा बाप दगडोबा गोठ्याच्या सावलीत दावं वळत बसला होता. गोठ्यात जनावर एकच उरलं होतं. त्यानं दोघींना घोंगडं टाकलं, तांब्यातून अर्धाच पेला पाणी दिलं आणि त्याबद्दल तो शरमला. मुराळी व्हा म्हणून सांगायला आलोय हे ऐकल्यावर मात्र तो उठून उभा राहिला. लेक आली तर तिच्या पानात काय वाढू, त्यानं विचारलं. पुरण सोडा, गूळही घरात नाही. सणाला आणून उपाशी पाठवली असं तिच्या सासरी झालं तर जन्मभर तिला ऐकावं लागेल. तो बोलत होता आणि हातातलं दावं उगाच उलगडत होता.

नागुबाई म्हणाली,

“तिला जेवायला बोलावू नको, दगडोबा. पळायला बोलाव. भाकर ती आपली बांधून आणील.”

“पळायला?”

“हाव. तुझी लेक पळती. तुला ठाऊक हाय का न्हाई?”

दगडोबानं दावं खाली ठेवलं. मग त्याला हसू फुटलं. पोरगी सात वर्षांची असताना वासरू सुटलं होतं, तो सांगू लागला, आणि ते वासरू तिनं नदीपर्यंत पळून धरलं होतं. गावातली पोरं मागं राहिली होती. त्यानं ते वासरू, ती नदी, ती पोरं, सगळं हातवारे करून सांगितलं. नदी आता कोरडी होती, ते त्याच्या बोलण्यात आलं नाही. शेवटी तो म्हणाला, येतो चतुर्थीला न्यायला.

पाचही गावांत असंच झालं असं नाही. एका गावात एका भावानं दारातूनच परत लावलं, आणि नागुबाईनं त्याला अशा चार गोष्टी सुनावल्या की तो संध्याकाळी सायकल घेऊन त्यांच्या मागं फाट्यापर्यंत आला आणि हाव म्हणाला. चांगुणाबाईचा भाऊ तर रडला. दोन वर्षांपासून बहिणीला आणलं नव्हतं त्यानं, आणि ती चव्वेचाळिसाव्या वर्षी पळणार आहे हे ऐकून त्याला खरंच वाटेना. माळेवाडीत कावेरीबाईनं सुनांना जायला लगेच परवानगी दिली. सणाला लेक माहेरी गेलेली बरी, एवढंच म्हणाली. तिच्या माहेराचं कुणी काढलं नाही, आणि सिंधुच्या यादीत तिच्या नावापुढची जागा कोरी होती.

पंचमीच्या आगेमागे चार दिवसांत सिंधु स्टॉपवॉच, फक्कीची पिशवी आणि मोजपट्टी घेऊन पाच गावं फिरली. प्रत्येक ठिकाणी तिनं शंभर मीटर स्वतः मोजले, कुठं खळ्याजवळ, कुठं कोरड्या ओढ्यात. तिला वाटलं होतं, थोडा फरक पडेल. वेळा दोन-चार सेकंदांनी कमी होतील.

धोंडगावला पंचफुला आली तीच डोकं उघडं टाकून, कासोटा घट्ट मारून. तिच्याबरोबर तिथल्याच आणखी दोन लेकी. त्यांनी आपसात ठरवलं होतं, जी हरेल तिनं बाकीच्यांच्या गाठोड्यांचं ओझं परत जाताना वाहायचं. शिट्टीनंतर सिंधुनं पुढं जे बघितलं ते तिला नीट लिहिता आलं नाही, आणि पाहिलेलं लिहू न शकण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येई. पंचफुलाचे पाय जमिनीला फारसे लागतच नव्हते. तोंड उघडं होतं आणि ती हसत होती. पंधरा सेकंद आणि चार दशांश. सिंधुनं अंतर पुन्हा मोजलं. शंभर मीटर आणि वर एक वीत भरलं.

सरजाबाई, बत्तीस वर्षांची, तीन लेकरांची आई, तिच्या माहेरी सोळा सेकंद आणि नऊ दशांशांत आली. आली ती थांबलीच नाही, तशीच पुढं वडाच्या पारापर्यंत गेली आणि तिथं बसून राहिली. सिंधु नाडी बघायला गेली तेव्हा ती म्हणाली, बाई, मी लई वर्षांनी घामेजले. तलावावर रोज घामेजत होतीच की, सिंधुला वाटलं, पण सरजाबाईला काय म्हणायचंय ते तिला कळलं. तिथं एक म्हातारी, सरजाबाईची चुलती, काठी टेकत आली आणि माझी बी वेळ लाव म्हणाली. सिंधुनं लावली. ती वहीत आहे.

रविवारी दुपारी तिच्याजवळ अकरा नावं झाली. माळेवाडीची वेळ एका रकान्यात, माहेरची शेजारच्या रकान्यात. तीच बाई, तेच पाय, तोच दुष्काळ. बदललं ते एकच, पायाखालचं गाव. वर्गात इतका स्वच्छ प्रयोग तिनं कधी केला नव्हता. एक नाव कमी होतं. उद्या सकाळी तलावावर जाऊन कुणी मिळते का बघावं, असा तिचा विचार होता.

संध्याकाळी नागुबाई पाणी घेऊन आली ती घागर न उतरवताच म्हणाली, की कावेरीबाईनं निरोप दिलाय. माळेवाडीची एकही सून लातूरला जाणार नाही.

*

कावेरीबाई अंगणात माती वाहायची फाटकी पाटी शिवत बसली होती. घरात सुना होत्या, पण आवाज कुणाचा येत नव्हता. तिनं सिंधुला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. सिंधु उंबऱ्याच्या दगडाजवळ बसली.

कावेरीबाई पाटी शिवता शिवता बोलू लागली. तलावावर दोन दिवस पोरी माहेरच्या गोष्टी सांगत होत्या. पंधरा, सोळा, सतरा. तिला लिहिता येत नव्हतं पण मोजता येत होतं. आपण एकतीसला पहिल्या आलो आणि ही पोर पंधराला येते, तर आपला पहिला नंबर कसला, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पस्तीस वर्षं ती माती वाहत होती, आधी शेतात, आता सरकारच्या तलावावर, आणि कशात पहिली आली नव्हती. त्या दिवशी आली होती. घरी येऊन तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण रात्रभर तिचे पाय आतून पळत होते.

“मागं सगळ्या हळू यायल्या हुत्या,” ती म्हणाली. “आन् मी येडी, जीव तोडून पळायले हुते. माझं हसू केलं त्यांनी.”

आतून कुणीतरी हुंदका गिळल्याचा आवाज आला. सिंधुनं वही उघडली. समजूत घालायला तिला कधीच येत नसे, म्हणून तिनं जे होतं तेच वाचून दाखवलं.

“कावेरीबाई, त्या दिवशी मी तुमची नाडी बघितली होती. एकशेचव्वेचाळीस ठोके. सरजाबाईचे अठ्ठ्याऐंशी, पंचफुलाचे चौऱ्याऐंशी.”

“म्हंजी काय?”

“माणूस बसून असलं की सत्तर-ऐंशी असतात. या दोघींनी जोर लावलाच नव्हता. तिघींत खरं पळणाऱ्या एकट्या तुम्ही होता. त्यांनी हसू नाही केलं. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.”

कावेरीबाईनं सुई पाटीत तशीच खोचून ठेवली. तिनं आपलं मनगट उलटं करून बघितलं, जणू आकडा तिथं उमटला असेल. मग विचारलं,

“मग माझा खरा नंबर कितवा?”

“मला ठाऊक नाही. त्या दिवशी शर्यत झालीच नाही.”

“आता कशी हुईल?”

सिंधुनं तिच्या माहेराचं विचारलं. कावेरीबाई म्हणाली, तिथं काय आहे. आईबाप गेले, भाऊ हैद्राबादकडं कामाला गेले ते गेलेच, घराची माती झाली. पंचमीला कुणी यावं अशी वाटही ती बारा वर्षांपासून बघत नव्हती. हे तिनं बारीक आवाजात सांगितलं नाही. बाजाराचा वार सांगावा तसं सांगितलं. मग ती उठली, पदर कमरेला खोचला आणि दाराकडं तोंड करून म्हणाली,

“सरजे, पंचफुले, भाईर या. उद्या सकाळी तलावावर जायच्या आधी शाळंमागं पळायचं हाय. बाराच्या बारा. चांगुणाला बी सांगा. मला माझा खरा नंबर पायजे. जी मुद्दाम मागं ऱ्हाईल तिची न् माझी गाठ हाय.”

सुना दारात येऊन उभ्या राहिल्या. पंचफुलानं जावेकडं बघितलं, सरजाबाईनं सासूकडं. आत्याबाई, गाव काय म्हणेल, असं सरजाबाई कसंबसं म्हणाली.

“गावाला म्या सांगते. तू पळ.”

*

सोमवारी उजाडता उजाडता सिंधुनं मैदानात फक्की मारली. लातूरची पहिली एसटी साडेआठला फाट्यावर येई. चुकली तर दुसरी साडेबाराला, तीही वेळेवर आली तर. शाळेच्या भिंतीवर नागुबाई बसली होती आणि तिच्या शेजारी, नको म्हटलं तरी, निम्मं गाव. बायकांत कुजबुज होती. कावेरीबाई सगळ्यांच्या मधोमध रेघेवर उभी राहिली आणि तिनं मागं वळून सगळ्यांकडं एकदा बघितलं. ती काय बोलली ते शंभर मीटरवर उभ्या असलेल्या सिंधुला ऐकू आलं नाही. तिनं शिट्टी तोंडात धरली.

पहिली पाच-दहा पावलं ती जुनीच माळ दिसली. पंचफुला शेवटी होती, मान खाली घालून, पदर दातात. मग कावेरीबाई पळता पळता ओरडली. काय ओरडली ते नंतर सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं, आणि त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नव्हतं. पंचफुलाच्या दातातला पदर सुटला. ती डावीकडून बाहेर निघाली, सगळ्यांच्या कडेनं, आणि सासूच्या अंगावरून गेली तेव्हा भिंतीवरच्या माणसांतून एक सूर निघाला तो कौतुकाचा होता की भीतीचा, ते कुणालाच कळलं नसेल. तिच्यामागं सरजाबाई. मग माळ सुटली ती सुटलीच. कुणी कुठं, कोपर कोपराला लागतंय, बांगड्या वाजताहेत, एकीच्या पायातलं जोडवं उडून गेलं आणि ती थांबली नाही.

पंचफुला सोळा सेकंदांत आली. सरजाबाई तिच्यामागं. मग भावकीतल्या चौघी सुना. सातवी कावेरीबाई, एकवीस सेकंद आणि चार दशांश, त्या दिवसापेक्षा दहा सेकंदांनी कमी, कारण आज पुढं गाठायला सहा जणी होत्या आणि पदर कमरेला होता. तिच्या टाचेला लागून चांगुणाबाई, मग बाकीच्या.

कावेरीबाई गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. तिला बोलता येत नव्हतं. तिनं सिंधुकडं बोट केलं आणि मग मागच्या बायकांकडं. सिंधुला समजलं. तिनं मागं राहिलेल्या पाच जणींपैकी तिघींचे हात एकामागून एक धरले आणि मोठ्यानं आकडे सांगितले. एकशेबासष्ट. एकशेछप्पन्न. एकशेअडुसष्ट. सगळ्या खऱ्या पळाल्यात, ती म्हणाली. तुमचा नंबर सातवा.

“सातवा,” कावेरीबाई म्हणाली. तिनं भिंतीवरच्या गावाकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाली, “मागं पाच जणी हायत की.”

पंचफुला तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर घ्यावा का न घ्यावा हे तिचं ठरत नव्हतं. कावेरीबाईनं तिच्या दंडाला धरून तिला जरा हलवलं, एखादी घागर भरलीय का ते हलवून बघावं तसं, आणि सोडून दिलं.

सिंधुनं बारावं नाव लिहिलं. गाव या रकान्याशी तिचं पेन थांबलं. बाकी अकरा जणींपुढं माहेरं होती. कावेरीबाईला विचारल्यावर ती म्हणाली, माळेवाडीच लिही, पस्तीस वर्षं हितलीच माती वाहिली. सिंधुनं तसं लिहिलं, तारीख टाकली, खाली सही केली. आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. फाटा पंधरा मिनिटांवर होता. ती पिशवी भरू लागली.

तेव्हा चांगुणाबाई पुढं आली. ती आठवी आली होती, सातवीच्या टाचेला लागून. तीस वर्षं ती कावेरीबाईच्या मागं चालली होती, विहिरीला, शेताला, लग्नाला, मैतीला. अजून तिला दम लागलेला होता.

“आक्का,” ती म्हणाली, “तुमचा पाय रेघंच्या पुढं हुता.”

कुणीतरी लेकराच्या तोंडावर हात ठेवला. कावेरीबाई हळूच वळली.

“कुणाचा पाय?”

“तुमचा. उजवा. म्या बघितला. शिट्टीच्या आधी.”

“माझा पाय?”

“हाव. न्हाईतर सातवी मी हुते.”

दोघी सिंधुकडं वळल्या. सिंधु खोटं बोलली असती तर एसटी मिळाली असती. ती या टोकाला होती, सुरुवातीच्या रेघेवरचा पाय तिला दिसणं शक्य नव्हतं, आणि तिनं तेच सांगितलं. कावेरीबाईनं चांगुणाबाईला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, जणू ही बाई तिला आजच भेटत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जे पंचफुलानं आधी ओळखलं, कारण ती तोंडावर हात धरून हसू लागली.

“मग ये,” कावेरीबाई म्हणाली. “दोघीच पळू. नागुबाई, ऊठ गं, रेघंवर येऊन बस. माझ्या बी पायाकडं बघ न् हिच्या बी.”

नागुबाई भिंतीवरून उतरायला लागली. दोघी जावा कासोटे आवळत मैदानाच्या त्या टोकाकडं निघाल्या, शेजारी शेजारी, अजून भांडत. सिंधुनं हिशेब केला. साडेबाराची एसटी अडीचला लातुरात पोचते, कचेरी पावणेसहाला बंद होते. तिनं पिशवी खाली ठेवली, पुसट झालेल्या रेघेवर पुन्हा फक्की मारायला ती बायकांच्या मागोमाग गेली आणि चालता चालता तिनं घड्याळ शून्यावर आणलं.